सासूबाईंची फीत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, लोणची-मुरंब्यांपलीकडे मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या, "तुम्ही हल्ली घरी कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरविता ना, तेच सांगा." तेव्हा तेच सांगते. मात्र त्यात माझा एक अपराध आहे, तोही ओघाने सांगावा लागेल.

ही कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढली. आपल्याकडे पुढे घरोघर टू-इन-वन आले आणि बारशापासून हळदीकुंकवापर्यंत सारे काही आपण फितीवर घेऊ लागलो. आत अटकलेली फीत पेन्सिलीने गुंडाळण्याची विद्या तर आपल्यापैकी कोणाला शिकवावी लागली नाही! पण फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चढविलेली लोहाची पूड. आपल्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते, वेढे एकमेकांस चिकटतात आणि आतला नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला, की आवाज खोल गेल्यासारखा येतो.

सामान थोडेच लागते. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर आणि कॉम्प्युटर. वायरीचे एक टोक टेपच्या हेडफोनच्या भोकात आणि दुसरे कॉम्प्युटरच्या 'लाइन-इन'मध्ये. मी पहिल्या दिवशी ते माइकच्या भोकात खुपसले. माइकचा आवाज मुळात बारीक, म्हणून तेथे तो पुष्कळ वाढवून घेतात. त्यामुळे माझ्या आईचे बोलणे फाटक्या ढोलासारखे उमटले. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपना लाइन-इन नसतेच. त्यांना बाहेरून जोडावयाची एक छोटी डबी मिळते. ऑडॅसिटी नावाची प्रणाली फुकट मिळते, तीत आवाज उतरवावयाचा. पडद्यावरचा काटा तांबड्यात जाऊ द्यावयाचा नाही, एवढे पथ्य.

त्याआधी टेपचे डोके पुसावे. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसले, की तांबूस मळ निघतो. तोच आवाज दाबून ठेवतो. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वेढे सुटे होतात. तुटलेली फीत साध्या चिकटपट्टीने कधीही जोडू नये. तिचा डिंक पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना धरतो. फितीसाठी निराळी चिकटपट्टी असते.

घाई मात्र येथे चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरावयास साठ मिनिटेच लागतात. मी फीत लावून देते आणि मेथी निवडावयास बसते. खरखर काढण्याची सोयही त्या प्रणालीत आहे. नुसती खरखर असलेले दोन-चार सेकंद तिला दाखवावयाचे, मग ती तेवढीच वेचून काढते. पण हात आखडता ठेवावा. मी हौसेने फार काढली, तर मामंजी पाण्याखालून बोलल्यासारखे वाटू लागले! तेव्हापासून मूळ उतारा जसाच्या तसा वेगळा राखते आणि साफसफाई त्याच्या नकलेवर करते.

आता अपराधाचे. १९८६ च्या दिवाळीत, भाऊबीजेला, वन्संनी सासूबाईंना आग्रह करकरून जात्यावरच्या ओव्या म्हणावयास लावल्या आणि फितीची एक बाजू भरून घेतली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या आज 'पारी' या संकेतस्थळावर वाचावयास मिळतात, काही ऐकताही येतात. आमच्या सासूबाईंकडे मात्र कोणी आले नव्हते. त्यांच्या ओव्या होत्या त्या या एका फितीवर.

कॅसेटवरचे लेबल गळून पडले होते. दोन वर्षांनी मी ती कोरी समजून तिच्यावर रेडिओवरची भावगीते घेतली. नवे घेताना यंत्र आधी जुने पुसते, मागाहून परत मिळण्याची सोय नाही. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन चिमुकले दात असतात, प्रत्येक बाजूला एक. तो मोडला, की त्या बाजूवर पुन्हा काही घेता येत नाही. एक दात मोडावयाचा राहिला, एवढेच! उलटी फिरवून ऐकली तेव्हा उमगले. कॅसेट ट्रंकेच्या तळाशी गेली. १९९० साली सासूबाई गेल्या. वन्सं विचारीत, तेव्हा "फीत खराब झाली" असे सांगून मी तीस वर्षांहून अधिक काळ निभावले.

गेल्या आषाढात भावगीतांसाठी म्हणून तीच फीत लावली आणि स्वयंपाकघरात गेले. सव्वीस मिनिटांनी गाणे थांबले, 'खट्' असा आवाज झाला आणि सासूबाई बोलू लागल्या. रेडिओचा कार्यक्रम संपला तेथे मी तेव्हा टेप बंद केला होता. पुढचे चार मिनिटे तसेच राहिले होते. अडीच ओव्या आणि मध्येच, "अग, दूध उतू जाईल, बघ आधी." हे मला उद्देशून. मी खरोखरच गॅसकडे धावले.

संध्याकाळी वन्संना फोन केला आणि सारे खरे सांगितले. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एस. टी.ने आल्या, हेडफोन कानाला लावून सहा वेळा ऐकले आणि म्हणाल्या, "वहिनी, मी रागावले आहे. पण बाकीच्यांतल्या पुष्कळ मला येतात. ते यंत्र चालू करा." त्या दिवशी एकोणीस ओव्या झाल्या, चार ठिकाणी शब्द अडले आहेत, ते आठवतील तसे त्या फोनवर सांगतात. त्या साऱ्याच्या तीन प्रती आहेत: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक वन्संच्या घरी, कारण माझ्यावर त्यांचा आता भरवसा नाही.

आपल्या मंडळाच्या कपाटातही बिनलेबलाच्या अकरा कॅसेटी आहेत. ज्या मैत्रिणींकडे आणखी असतील त्यांनी गुरुवारी दुपारी माझ्याकडे आणाव्यात. बुरशी दिसली तर वेगळ्या पिशवीत घालून आणावी, आणि येण्याआधी मागचे दात मोडून यावे.