कालयंत्रातील कर्ता

(‘विज्ञानकथा आणि कर्मस्वातंत्र्य’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



१४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतच्या रणांगणावर एक गोळी सुटली आणि विश्वासराव धारातीर्थी पडले. ती गोळी जराशी बाजूने गेली असती तर? हा प्रश्न मराठी मनाने अडीचशेहून अधिक वर्षे उराशी बाळगला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत त्याला विज्ञानकथेचे रूप दिले. त्यांच्या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जिथे ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली आहे आणि मराठे विजयी झाले आहेत. कथा मनोरंजक आहेच. परंतु तिच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. जे घडले ते अटळ होते काय? आणि अटळ असेल, तर माणसाच्या कर्तृत्वाला अर्थ काय?

कालप्रवासाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. राजा रैवत आपली कन्या रेवती हिच्यासाठी योग्य वर कोण, हे विचारण्यास ब्रह्मलोकी जातो. तेथे तो क्षणभरच थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात, ही भागवतातील कथा सर्वपरिचित आहे. मात्र रैवताचा प्रवास भविष्याकडे होता. १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ या कादंबरीचा नायकही यंत्रात बसून जातो तो भविष्याकडेच, थेट इसवी सन ८,०२,७०१ मध्ये. भविष्याकडे जाण्यात तर्काची अडचण नाही. अडचण सुरू होते ती मागे वळल्यावर.

आजोबांचा पेच

एखादा मनुष्य भूतकाळात गेला आणि त्याने आपल्या आजोबांना, त्यांचा विवाह होण्यापूर्वीच, ठार केले तर? मग त्याचा पिता जन्मणार नाही. पर्यायाने तोही जन्मणार नाही. आणि तो जन्मलाच नाही, तर आजोबांना मारले कोणी? या पेचातून सुटण्याचे तीन मार्ग कथाकारांनी शोधले. तिन्ही मार्गांवर माणसाच्या स्वातंत्र्याचे स्वरूप वेगळे दिसते.

पहिला मार्ग असा की, भूतकाळ बदलता येतो. रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ मधील ‘अ साऊंड ऑफ थंडर’ या कथेत एक शिकारी डायनोसॉर मारण्यासाठी कोट्यवधी वर्षे मागे जातो. आखून दिलेल्या वाटेवरून त्याचा पाय घसरतो आणि एक फुलपाखरू चिरडले जाते. परत येऊन पाहतो, तर भाषेची वर्णलेखनपद्धती बदललेली आणि निवडणुकीत भलताच उमेदवार निवडून आलेला! १९८५ चा ‘बॅक टू द फ्यूचर’ हा चित्रपट याच मार्गावरचा. येथे माणूस सर्वांत अधिक स्वतंत्र आहे असे प्रथमदर्शनी वाटते. किंचित खोल पाहिले की वेगळेच चित्र दिसते. या कथांमध्ये प्रवाशाने कशालाही हात लावला नाही, तर इतिहास पुन्हा जसाच्या तसा घडतो. कोट्यवधी माणसे पुन्हा तेच बोलतात, तेच निवडतात. म्हणजे स्वतंत्र काय तो एकटा प्रवासी. बाकी सारी कळसूत्री बाहुल्यांची रांग. ज्या कथा स्वातंत्र्याचा जयघोष करताना दिसतात, त्यांनीच सर्वसामान्य माणसाचे स्वातंत्र्य न बोलता काढून घेतलेले असते.

दुसरा मार्ग समांतर विश्वांचा. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने पुंजभौतिकीचा असा अर्थ मांडला की, शक्य असलेले सर्व पर्याय प्रत्यक्षात येतात; केवळ त्यांच्या शाखा निरनिराळ्या असतात. या दृष्टीने आजोबांचा पेच सुटतो, कारण मारले गेलेले आजोबा दुसऱ्या शाखेतील असतात. नारळीकरांच्या कथेमागेही पुंजभौतिकीतील हीच अनिश्चितता उभी आहे. परंतु त्या कथेत इतिहासाला वळण लावले ते एका गोळीच्या मार्गाने, कोणाच्या निश्चयाने नव्हे, हे विसरता कामा नये. यदृच्छा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. फाशांनी ठरवलेली चाल आणि नियतीने ठरवलेली चाल, दोहोंतही खेळणाऱ्याचा विवेक सारखाच अनुपस्थित असतो. शिवाय सर्वच पर्याय कुठे ना कुठे घडणार असतील, तर ठाण मांडून लढलेला वीर आणि पाठ फिरवून पळालेला भित्रा ही एकाच माणसाची दोन रूपे ठरतात. मग गौरव कोणाचा आणि दोष कोणाला?

जे घडले तेच घडते

तिसरा मार्ग सर्वांत कठोर. भूतकाळ एकदाच घडतो. प्रवासी तेथे गेला तर त्याचे जाणेही मुळापासून त्या भूतकाळाचाच भाग असते. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४१ मधील ‘बाय हिज बूटस्ट्रॅप्स’ या कथेत नायक बंद खोलीत प्रबंध लिहीत असता एक अनोळखी मनुष्य प्रकटतो. तो अनोळखी म्हणजे काही काळानंतरचा तो स्वतःच. तेच संभाषण पुन्हा वाट्याला आले असता तो वेगळे बोलू पाहतो, पण शब्द तेच निघतात. १९९५ च्या ‘ट्वेल्व्ह मंकीज’ या चित्रपटात बालपणी विमानतळावर एका माणसाचा मृत्यू पाहिलेल्या नायकाला अखेरीस कळते, की तो मरणारा आपणच. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांनी १९८० च्या दशकात हीच भूमिका भौतिकशास्त्राच्या परिभाषेत मांडली: कालप्रवास शक्य असेलच, तर विसंगती निर्माण करणारी घटना घडणारच नाही.

मग येथे माणूस केवळ बाहुले आहे काय? अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९७६ मध्ये या प्रश्नाची मार्मिक उकल केली. नातवाच्या हाती बंदूक आहे, नेम अचूक आहे, आजोबा समोर आहेत. या अर्थाने तो त्यांना मारू शकतो. आजोबा त्या दिवशी मेले नाहीत, हे ध्यानात घेतले तर तो मारू शकत नाही. ‘शकणे’ या एकाच क्रियापदाचे हे दोन अर्थ आहेत. तो अपयशी ठरेल तो कोणा अदृश्य शक्तीने हात धरल्यामुळे नव्हे. पाय घसरेल, बंदूक अडकेल अथवा त्याचे मन पालटेल. हाइनलाइनचा नायकही तेच शब्द उच्चारतो तो त्या त्या क्षणीच्या रागाने, घाईने, कुतूहलाने. माणसे जशी वागली तसा भूतकाळ निश्चित झाला. तो निश्चित आहे म्हणून त्यांना तसे वागावे लागले, असे नव्हे. कार्यकारणाचा हा क्रम उलटा लावला की नियतिवादाचे भूत मानगुटीवर बसते.

प्रत्यक्ष विज्ञान काय म्हणते? १९४९ मध्ये कुर्ट गेडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून असे फिरते विश्व दाखवले, की ज्यात भूतकाळात परतणारे मार्ग गणिताने संभवतात. १९९२ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी निसर्गनियमच असा प्रवास रोखत असावेत, असे अनुमान मांडले. २८ जून २००९ रोजी त्यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानीही ठेवली आणि निमंत्रणे मेजवानी उलटल्यानंतर प्रसिद्ध केली. कोणीही आले नाही! तेव्हा भूतकाळात जाणारे यंत्र आज तरी कथांमध्येच आहे. पण ज्या प्रश्नासाठी ते यंत्र कल्पिले, तो प्रश्न प्रत्येक घरात आहे.

उंबरठ्यावरचा बगदादी व्यापारी

टेड चियांग यांच्या २००७ मधील ‘द मर्चंट अँड द अल्केमिस्ट्स गेट’ या कथेत बगदादचा एक व्यापारी आहे. पत्नीला कठोर शब्द बोलून तो प्रवासाला निघतो आणि त्याच्या पाठीमागे मशिदीची भिंत कोसळून ती मृत्युमुखी पडते. वीस वर्षे तो पश्चात्तापाने जळतो. पुढे त्याला भूतकाळात नेणारे एक द्वार सापडते. काहीही बदलता येणार नाही, हे ठाऊक असूनही तो जातो आणि उशिरा पोहोचतो. पत्नी वाचत नाही. परंतु तिची शुश्रूषा केलेली एक स्त्री त्याला तिचा अखेरचा निरोप सांगते: त्याच्यासमवेतचे आयुष्य सुखाचे होते. घटना तीच राहिली. तिच्याविषयीचे त्याचे ज्ञान तेवढे बदलले, आणि त्या ज्ञानाने त्याचे उरलेले आयुष्य हलके झाले. आजारपणात वेळेवर न पोहोचलेला मुलगा, रागाच्या भरात निघालेला एखादा शब्द, हे शल्य ज्यांच्या उरात आहे, त्यांना या कथेचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

भारतीय विचाराने हा प्रश्न ‘दैव की पौरुष’ या शब्दांत हाताळला. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. दैव पाचवे आहे. ते नाकारलेले नाही आणि त्याला एकट्याला सर्वाधिकारही दिलेला नाही. योगवासिष्ठ तर दैव म्हणजे आपलेच पूर्वीचे पौरुष असे सांगून, कालचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न यांची दोन मेंढ्यांप्रमाणे झुंज लावून देते. राजा परीक्षिताला सातव्या दिवशी मृत्यू येणार, हे निश्चित कळले होते. ती तिथी त्याच्या हाती नव्हती. ते सात दिवस होते, आणि त्याने ते श्रवणात वेचले.

आता पुन्हा पानिपताकडे वळू. ‘तर’ आणि ‘असते’ यांत रमणे सोपे आहे. त्या रणांगणावरून महादजी शिंदे जखमी होऊन, पायाने कायमचे अधू होऊन परतले. ती गोळी परतवणे त्यांच्या हाती नव्हते, तो दिवस पुन्हा लढणेही नव्हते. परंतु १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या आणि त्यांत महादजी होते. दहा वर्षांचे ते अंतर कोणत्याही यंत्राविना, रोजच्या वाटचालीने कापले गेले. आजचा दिवसही उद्या असाच न बदलणारा भूतकाळ होणार आहे. तो अजून झालेला नाही. तोवर आपले हात मोकळे आहेत.