नखांचा रंग आणि मोटारीचा रंग

हातच्या कांकणाला आरसा लागत नाहीं, असें जुनीं माणसें म्हणत आलीं आहेत. नखांच्या रंगाचेंहि तसेंच आहे. कपाळावरचें कुंकू आरशांत पाहावें लागतें, आंबाड्यावरची वेणी दुसऱ्या कोणी तरी पाहून "छान दिसते" असें म्हणावें लागतें. परंतु नखांवरचा रंग मात्र जिचा तिला दिवसभर, काम करतां करतां, सहज दिसत राहतो. म्हणूनच कीं काय, प्रसाधनाचा फारसा शोक नसलेल्या घरांतहि या रंगाच्या एक-दोन बाटल्या कपाटाच्या कोपऱ्यांत सांपडतातच. या इवल्याशा बाटलीचें कुळ कोणतें, हें मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असतें.

हें कुळ जाणून घ्यावयास पिंपरी-चिंचवड व चाकण यांच्याइतकें योग्य स्थळ नाहीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि या माळरानावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. पिंपरींत मालमोटारी, आकुर्डींत स्कूटर व रिक्षा आणि पुढें चाकणला परदेशी नांवांच्या मोटारी तयार होऊं लागल्या. आज येथील कित्येक घरांतला एक तरी माणूस मोटारीशीं संबंध असलेल्या कामावर जातो.

समजा, अशाच एका घरीं दिवाळीच्या आदल्या रात्रीं मुलगी नखें रंगवावयास बसली आहे. देवघरांतल्या समईचा उजेड बरा पडतो, म्हणून ती तेथेंच चटईवर बसली आहे. शेजारीं रंगाची बाटली उघडी, आणि जुना रंग पुसण्याच्या द्रावणाची बाटलीहि उघडीच. इतक्यांत वडील दुसरी पाळी आटोपून घरीं येतात. ते कारखान्याच्या रंगखात्यांत, म्हणजे पेंट शॉपमध्यें, कामाला आहेत. चपला काढतां काढतांच ते थबकतात.

"अगं, आधीं दोन्ही बाटल्यांचीं झांकणें लाव, आणि ऊठ तेथून."

"असें काय हो, बाबा? नखांना तर लावतें आहें, मोटारीला नव्हे."

"अहो, दमून आलांत, आल्या आल्या पोरीवर कां रागावतां?" आई स्वयंपाकघरांतून म्हणते.

"रागावत नाहीं गं. पण हे दोन्ही रंग एकाच आईचीं लेंकरें आहेत, हें तिला कोणी सांगितलेलें दिसत नाहीं."

वडिलांचें बोलणें अक्षरशः खरें आहे. १८४६ च्या सुमारास शोनबाइन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें कापसावर नायट्रिक व सल्फ्यूरिक आम्लांची क्रिया करून एक विलक्षण पदार्थ तयार केला. दिसावयास तो साधा कापूसच. पण ठिणगी पडतांच तो भपकन् जळून जाई. याचेंच नांव नायट्रोसेल्युलोज. तोफांच्या दारूंत त्याचा उपयोग होऊं लागला, आणि पहिल्या महायुद्धांत तो अतोनात प्रमाणांत तयार झाला. युद्ध संपल्यावर इतक्या मालाचें करावयाचें काय, हा प्रश्न कारखानदारांपुढें आला.

त्या वेळीं मोटारीला रंग देणें हें मोठें वेळखाऊ काम होतें. पुटावर पूट चढवून तो वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डच्या मोटारी कित्येक वर्षें केवळ काळ्याच मिळत, याचें एक कारण त्यांचा काळा रंग त्यांतल्या त्यांत लवकर वाळे, असें सांगितलें जातें. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें नायट्रोसेल्युलोज द्रावकांत विरघळवून 'ड्यूको' नांवाचा रंग काढला. आठवड्यांचें काम तासांवर आलें, आणि रस्त्यांवर निळ्या, हिरव्या, तांबड्या मोटारी धांवूं लागल्या. झटपट वाळणारी ही चकचकीत साय बोटांच्या नखांवरहि बसेल, हें प्रसाधनें करणाऱ्यांच्या ध्यानीं येण्यास वेळ लागला नाहीं. १९३२ मध्यें अमेरिकेंत रेव्हलॉन कंपनी सुरू झाली, ती मुख्यतः अशा दाट, अपारदर्शक नखरंगाच्या बळावर.

या कथेला आपल्या देशाकडचाहि एक धागा आहे. अशा चकचकीत रंगाला इंग्रजींत 'लॅकर' म्हणतात, आणि तो शब्द मुळांत आपल्या लाखेचा, संस्कृतांतल्या लाक्षेचा आहे. सावंतवाडीच्या लांकडी वस्तूंवर जी चमक दिसते ती लाखेची, आणि पूर्वीच्या स्त्रिया पायांना जो अळिता लावीत तोहि लाखेपासूनच काढीत. लाखेचा अळिता पायांवरून नाहींसा झाला. तिचें नांव मात्र जग फिरून पुन्हा बोटांवर येऊन बसलें.

आज चाकणच्या कारखान्यांत मोटारीला लावतात तो रंग नायट्रोसेल्युलोजचा नव्हे. त्यापेक्षां टिकाऊ रंग आल्यावर मोटारीनें त्याला केव्हांच निरोप दिला. नखांनीं मात्र तो सोडला नाहीं. बाजारांत मिळणाऱ्या साध्या नखरंगांत आजहि बहुधा तोच असतो. त्याला पातळ ठेवण्यासाठीं एथिल अॅसिटेट व ब्यूटिल अॅसिटेट हे द्रावक, त्याची साय ठिसूळ होऊं नये म्हणून पुष्कळदां कापूर, नखाला घट्ट चिकटावा म्हणून एखादी राळ, आणि वर रंगाची भुकटी, असा हा संसार त्या बाटलींत नांदत असतो.

या पदार्थाचा स्वभाव काय, हें पुणेंकरांनीं पाहिलेलें आहे. जुन्या काळच्या चित्रपटांच्या फिती याच नायट्रोसेल्युलोजच्या असत. पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा फितींच्या साठ्याला ८ जानेवारी २००३ रोजीं आग लागली, आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा कांहीं वेळांत भस्म झाला. नखावर वाळलेला रंग भय धरण्याजोगा नाहीं. तो अगदींच थोडा असतो. जपावयाचें तें बाटलींतल्या ओल्या रंगाला आणि त्याहूनहि अधिक त्याच्या वाफेला. एथिल अॅसिटेटची वाफ शून्याखालीं सुमारें ४ अंशांवरहि पेट घेऊं शकते. रंग पुसण्याच्या अॅसिटोनची तर शून्याखालीं २० अंशांच्या आसपास. म्हणजे घरच्या उकाड्यांत दोन्ही सदाच पेटावयास सिद्ध. शिवाय या वाफा हवेहून दुपटी-तिपटीनें जड असतात. त्या वर जात नाहींत, जमिनीलगत पसरतात. चटईवर उघडी ठेवलेली बाटली आणि हातभर अंतरावरची समई यांचा संबंध त्या वडिलांनीं क्षणांत ओळखला तो यामुळेंच.

कारखान्याच्या रंगखात्यांत हा स्वभाव गृहीत धरूनच सारी व्यवस्था केलेली असते. तेथें काडेपेटी नेतां येत नाहीं, हवा सतत खेळती ठेवलेली असते, अंगांत तंतू न झडणारा पोशाख असतो. आणखी एक नियम ऐकून कोणालाहि गंमत वाटेल. पुष्कळ ठिकाणीं रंगखात्यांत जाणाऱ्यांना अत्तर, केशप्रसाधनें व अंगाला लावण्याचीं मलमें वर्ज्य असतात. कारण त्यांतल्या कांहींमध्यें सिलिकोन असतें, आणि त्याचा लवलेश जरी ओल्या रंगावर पडला तरी तेथें रंग फांकून खळगा पडतो. मोटारीच्या सौंदर्यासाठीं माणसानें आपलें प्रसाधन बाहेर ठेवावयाचें, असा हा न्याय! हा नियम आतां स्त्रियांनाहि पाळावा लागतो. कारण मोटारींच्या कारखान्यांत त्यांची संख्या वाढते आहे. टाटा मोटर्सच्या पुण्यांतील कारखान्यांत सुमारें १,५०० स्त्रिया मोटारजोडणीचें काम करीत असल्याचें २०२२ सालीं सांगण्यांत आलें होतें.

कारखान्याची शिस्त घरीं आणणें मुळींच अवघड नाहीं. उलट तिनें नखें अधिक सुरेखच दिसतात. मोटारीचा सांगाडा प्रथम स्वच्छ धुतात, मग त्यावर अस्तर, मग रंग, आणि शेवटीं काचेसारखें पारदर्शक पूट देतात. नखाचाहि क्रम हाच. प्रथम जुना रंग काढावा. कापसाचा बोळा द्रावणांत भिजवून नखावर दहा-पंधरा सेकंद नुसता दाबून धरावा, म्हणजे घासावें लागत नाहीं. मग हात साबणानें धुऊन पुरते कोरडे करावेत. नखें कानशीनें एकाच दिशेनें घासावींत. पुढें-मागें घासल्यास त्यांचे पदर सुटतात. नखाच्या मुळाशीं जी पातळ कातडी असते ती कापूं नये. आंत जंतु शिरूं नयेत म्हणून निसर्गानें लावलेली ती कड आहे. त्यावर पारदर्शक अस्तर, मग रंगाचीं दोन पातळ पुटें, मग वरचें पारदर्शक पूट. अस्तर न देतां गडद रंग लावल्यास नखें पिवळीं पडतात. जाड एका पुटापेक्षां पातळ दोन बरीं. कारण जाड पूट वरून वाळतें, आंत ओलें राहतें. आणि हें सारें खिडकीशीं किंवा गॅलरींत, देवघर व शेगडी यांपासून दूर करावें.

द्रावणानें बोटांचें तेल निघून जातें, म्हणून शेवटीं खोबरेल चोळावें. बोटाचें नख महिन्याला सुमारें तीन मिलिमीटर वाढतें, म्हणजे पुरतें नवें येण्यास सहाएक महिने लागतात. आज केलेली हयगय अर्धें वर्ष डोळ्यांसमोर राहते.

नक्षीसाठीं महागडीं साधनें लागत नाहींत. ठिपक्यांची रांगोळी जिला येते तिला नखांवरची नक्षी येतेच. टांचणीच्या डोक्यानें तीन ठिपके देऊन टोंकदार काडीनें ते जोडले कीं पान होतें, पांच ठिपक्यांचें फूल होतें. वाटीभर साध्या पाण्यावर रंगाचे थेंब सोडले तर ते पसरतात व तरंगतात. काडीनें त्यांत रेघा ओढल्या कीं संगमरवरासारखी साय तयार होते. ती जशी नखावर उचलतां येते तशीच मातीच्या लहान कुंडीवरहि उतरवितां येते. सारख्या दिसणाऱ्या किल्ल्यांच्या डोक्यांवर निरनिराळ्या रंगांचे ठिपके दिले, तर कुलपाशीं चांचपडणें टळतें. थर्मोकोलवर मात्र हा रंग लावूं नये. त्याचे द्रावक थर्मोकोलला विरघळवून टाकतात. आणि जी पणती पेटवावयाची तिला तर हा रंग नकोच. तिच्यासाठीं गेरू आणि चुना यांहून शोभिवंत दुसरें कांहीं नाहीं.

हा शेवटचा इशारा कोणाला अतिरेकाचा वाटेल. परंतु याच पट्ट्यांतील तळवडें येथें ८ डिसेंबर २०२३ रोजीं जें घडलें तें विसरण्यासारखें नाहीं. वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या जेथें तयार होत, तेथें आग लागली. कामावर बहुतेक स्त्रियाच होत्या. त्या दिवशीं सहा जणांचे प्राण गेले, आणि मृतांची संख्या पुढें वाढली. मुलांच्या आनंदाच्या क्षणीं अर्धा मिनिट चमकणारी ती वस्तु. पण ती करणाऱ्या हातांभोंवतीं केवढी जोखीम होती! शोभेची वस्तु लहान म्हणून तिच्यांतला धोका लहान नसतो.

अलीकडे प्रकाशाच्या दिव्याखालीं घट्ट होणारा जेल नांवाचा नखरंग आला आहे. तो पुष्कळ दिवस टिकतो. पण घट्ट होण्यापूर्वीं त्याचा कातडीला वारंवार स्पर्श झाला तर बोटांना खाज सुटते, फोड येतात, आणि कांहींना हा दोष जन्मभर चिकटतो. त्यांतील टीपीओ नांवाच्या एका द्रव्याला युरोपीय संघानें १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांत बंदीच केली आहे. म्हणून अनुभवी हातांकडूनच तो लावून घ्यावा; घरीं लहान मुलींना त्याचा खेळ करूं देऊं नये. मेंदीचा मार्ग जुना व निर्धोक खरा, पण ती अस्सल पानांची असेल तरच. खरी मेंदी केशरी वा तपकिरी रंगते. चटकन् काळीभोर रंगणाऱ्या मेंदींत बहुधा केस काळे करण्याचें द्रव्य मिसळलेलें असतें, आणि त्यानें हात भाजल्यासारखे होतात.

यावरून नखें रंगवूं नयेत असा अर्थ कोणी काढूं नये. दिवसभर यंत्राशीं, चुलीशीं किंवा वहीशीं झटणाऱ्या हाताला सणाच्या दिवशीं थोडी शोभा हवीच. कारखान्यांत सावधगिरीची पाटी भिंतीवर लावलेली असते. घरांत ती कोणी तरी मनांत बाळगावी लागते, इतकेंच. त्या घरची मुलगी त्या रात्रीं चटई उचलून गॅलरींत गेली. वडिलांनीं कपडे बदलून तिच्या शेजारीं विजेरी धरली, आणि मोटारीला अस्तर कसें देतात तें सांगतां सांगतां तिच्या दहाहि बोटांचा रंग पुरा झाला. देवघरांत समई तशीच शांतपणें तेवत होती.