वेळ शिकणाऱ्याची



शिक्षकमित्रांनो, स्वागत समितीच्या वतीने ठाण्याच्या घोडबंदर रोडवर या परिषदेत आपलं मनःपूर्वक स्वागत. कोण कापूरबावडीकडून आलं आणि कोण गायमुखचा घाट उतरून, हे चेहऱ्यांवरूनच कळतंय. वेळेवर पोहोचलेल्यांचं अभिनंदन. माजिवड्याला अडकलेल्यांची यजमान म्हणून माफी मागतो. पण प्रौढांच्या ऑनलाइन आणि मिश्र शिक्षणावर बोलायचं, तर ही कोंडी विषयाबाहेरची नाही. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या बसथांब्यांवर सकाळी उभ्या असलेल्या गर्दीतच आपले विद्यार्थी आहेत. नोकरी, घर आणि प्रवासातून उरलेल्या वेळात ते शिकतात.

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला एक तरुण असतो. बहिःस्थ पद्धतीने बी.ए. करतोय. एका रात्री त्याच्या केबिनमध्ये डोकावलो, तर पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाइलवर व्याख्यान चालू होतं. लांबी एक तास दहा मिनिटं. पाच मिनिटांत गाडीचा हॉर्न वाजला. तो उठला, गेट उघडलं, नंबर लिहिला, परत येऊन व्हिडिओ मागे सरकवू लागला. मी विचारलं, ‘‘समजतं का रे?’’ म्हणाला, ‘‘काका, सर पुस्तकच वाचून दाखवतात. पुस्तक तर माझ्याकडे आहेच.’’

एवढी नेमकी समीक्षा मी कुठल्या अहवालात वाचली नाही.

खरं तर शिकणाऱ्याच्या वेळेप्रमाणे कसं शिकवायचं, याचं उत्तर आपल्याकडे जुनं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. दिवसभर राबणाऱ्याला दिवसा बोलावून उपयोग नव्हता, म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलली. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 2016च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या आज्या पाटी घेऊन बसतात दुपारी, घरचं काम आवरल्यावर. तिन्ही ठिकाणी आधी शिकणाऱ्याचं घड्याळ पाहिलं गेलं.

ऑनलाइनच्या बाबतीत मात्र आपण वर्गातलं तासाचं व्याख्यान उचललं आणि मोबाइलमध्ये भरलं. गंगा घरी आली खरी, पण तांब्या भरायला माणसाला उसंत आहे का, हे कुणी पाहिलं नाही.

म्हणून यजमानाच्या अधिकारात चार गोष्टी सुचवतो. पाठ दहा मिनिटांचा असू द्या, आणि एका पाठात एकच मुद्दा. तो ऑडिओ म्हणूनही उतरवून घेता यावा. बसमध्ये उभ्याने ऐकता येतो, आणि डेटा संपला तरी अडत नाही. स्वाध्याय शिकणाऱ्याच्या कामातून निघावा: वाणिज्य शिकणाऱ्या दुकानदाराला त्याच्याच महिन्याच्या खरेदी-विक्रीचा हिशेब मांडू द्या. पहिला स्वाध्याय आला नाही, तर आठवड्याच्या आत अभ्यासकेंद्रातून फोन जावा. गळती तिथूनच सुरू होते, आणि स्मरणपत्राच्या मेसेजने ती थांबत नाही.

राहिलं रविवारचं संपर्कसत्र. माणूस आठवड्याची एकुलती सुट्टी मोडून, दोन बस बदलून येतो. त्याला तिथे पुन्हा व्याख्यान ऐकवणं हा अन्याय आहे. ऐकायचं ते घरी ऐकू द्या. केंद्रावर अडलेलं सोडवा, चर्चा होऊ द्या, लिहिलेलं समोर बसून तपासा. आपल्यासारखेच आणखी वीसजण झगडतायत, हे त्याला तिथेच दिसतं, आणि पुढच्या सत्राला तो येतो.

व्यवस्थेत उणीव राहिली असेल तर पदरात घ्या. एक विनंती मात्र करतो. इथे निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीलाच एक वाक्य सांगावं: माझा विद्यार्थी हा पाठ किती वाजता आणि कुठे बसून उघडेल. ज्यांना ते सांगता येणार नाही, त्यांनी आज रात्री आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत चालत जाऊन यावं.