ओलीचा पंचनामा

(गोदी भागातल्या युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसं लिहून काढलं आहे, थोडं सावरून.)



मला सांगितलं होतं, कविता वाच. मी म्हटलं, कविता पुढच्या खेपेला, आज मला ओलीवर बोलायचंय. दोनचार पोरं हसली. ओल हा काय विषय झाला? व्यवस्थेवर बोल, संस्कृतीवर बोल. अरे, ज्या भिंतीला टेकून तू व्यवस्थेवरची पुस्तकं वाचतोस ती भिंत मागून तुझा सदरा भिजवते. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हिरवी बुरशी धरते. त्यावर बोलायला कुणी प्राध्यापक येणार नाही. त्याच्या खोलीला ओल नाही.

घाई अशी की आमच्या चाळीत एक कागद फिरतोय. रविवारपर्यंत सह्या मागितल्यात. इमारत जुनी आहे, पावसाळ्यात बरंवाईट झालं तर जबाबदारी राहणाऱ्याची, असं त्यात छापलंय. हे दरवर्षीचंच. पण ह्या खेपेला खाली बारीक अक्षरात एक वाक्य वाढलंय: ओल व गळती ही भाडेकरूंच्या वापरामुळे झालेली आहे. त्या एका वाक्यासाठी मी उभा आहे.

वापर म्हणजे काय? मोरीत आंघोळ करणं, भात शिजवणं, पावसात दोरीवर कपडे घरातच वाळत घालणं, आणि श्वास घेणं. एका खोलीत सात माणसं असली की वाफ होते, हे मी नाकारत नाही. पण सात माणसं ह्या खोलीत माझ्या आजाच्या काळापासून आहेत. माझी आय सांगते, पूर्वी दसऱ्याला चुना मारला की भिंत होळीपर्यंत पांढरी असायची. आता दिवाळीतच पोपडे पडतात. माणसं तीच, वापर तोच. मग बदललं काय?

ओलीचं शास्त्र मला शाळेने नाही, जहाजाने शिकवलं. थंड मुलखातून पोलादाच्या कॉईल भरून जहाज निघतं. माल गार असतो. आपल्या समुद्रात शिरलं की हवा गरम, दमट. अशा वेळी फाळका उघडून ती हवा आत सोडली तर गार पोलादावर थेंब जमतात. त्याला मालाचा घाम म्हणतात. म्हणून जहाजावर वही ठेवतात. आतलं तापमान, बाहेरचं तापमान, हवेतल्या वाफेचं पाणी किती तापमानाला होईल, वारा कधी आत सोडला, कधी बंद केला, सगळं तारीखवार. तरी कॉईलवर तांबेरा दिसलाच तर सर्व्हेअर येतो. गंजावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतो. दुधाळ झालं तर खारं पाणी लागलंय, नाही झालं तर घाम किंवा पाऊस. मग विमा, क्लेम, टपाल. पोलादाला घाम कुठून आला ह्याची एवढी चौकशी! आणि आपल्या भिंतीला घाम कुठून आला, तर एका ओळीत निकाल, भाडेकरूंच्या वापरामुळे.

तीच गोष्ट आपल्या खोलीत घडते. जुलैत तळमजल्याची जाड भिंत नि लादी गार राहते, बाहेरची हवा पाण्याने लदलेली. लादी पाझरते. आपण पोतं टाकतो. आणि आता नवीन भानगड: शेजारच्या खोलीत एसी बसला की मधली पातळ भिंत गार पडते आणि घाम आपल्या बाजूला फुटतो. त्यांचा गारवा, आपली बुरशी. शेजाऱ्याला शिव्या देऊ नका, तोही उकाड्याने मरतोय. पण कारण माहीत असू द्या.

आता भिंतीचं बघू. आमची चाळ सागवानी खांबांची, विटांची, चुन्यात बांधलेली. चुना पाणी पितो आणि परत सोडतो. पावसाळ्यात चार महिने प्यायचं, मग ऑक्टोबरचं ऊन लागलं की सोडायला सुरुवात, उन्हाळ्यापर्यंत कोरडी. ज्यांनी भिंत बांधली त्यांनी हा हिशेब धरला होता. दीड फुटाची भिंत पुरती भिजली तर ती आठवड्यात वाळत नाही, तिला महिने लागतात. म्हणजे पाऊस किती पडला हे अर्धंच झालं. दोन पावसांच्या मध्ये वाळायला सवड किती मिळाली, हे भिंतीच्या दृष्टीने मोठं.

ती सवडच गेली. हवामान खात्याने स्वतःच 2020 साली मुंबईतून मान्सून परतायची नेहमीची तारीख 29 सप्टेंबरची 8 ऑक्टोबर केली. त्यांच्या तक्त्यात नऊ दिवस सरकले, आपल्या भिंतीचे नऊ सुके दिवस गेले. दुसऱ्या टोकाला बघा. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, सांताक्रूझला एका दिवसात 230 मिलिमीटर, आणि तो मे महिना! 2025 मध्ये मान्सून मुंबईत 26 मे लाच आला, नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी, आणि कुलाब्याच्या मे महिन्याच्या पावसाने 1918 चा विक्रम मोडला. आपल्याकडे ताडपत्री कधी चढते? मेच्या शेवटच्या आठवड्यात. गच्चीचं डांबर? कंत्राटदार आला तर जूनच्या तोंडावर. पाऊस आधी आला आणि डांबराचे डबे भिजत पडले.

पाऊस कोसळतोही वेगळा. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. अरबी समुद्र तापतोय, ती वाफ तोच पुरवतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सोबत्यांनी 2017 साली मांडलं की 1950 ते 2015 ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, त्यात आपला महाराष्ट्रही आला, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस वाढला नाही, उलट घटला. म्हणजे रिपरिप कमी आणि धबाधबा जास्त. रिपरिप पावसाचं पाणी पन्हळीतून जातं. धबधब्याचं पाणी पन्हळ ओलांडून भिंतीवरून उतरतं.

आणि वारा. 5 ऑगस्ट 2020 आठवा. कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा, चोवीस तासांत 331 मिलिमीटर. त्या दिवशी न्हावा-शेवाला धक्क्यावरच्या क्रेन आडव्या झाल्या. लोखंडी क्रेन पडल्या म्हणून पेपरात फोटो आले. पण असा वारा पाऊस आडवा मारतो, भिंतीत दाबून भरतो, त्याचा फोटो निघत नाही. पश्चिमेच्या भिंतीत तुळईचं जे टोक रुतलेलं असतं तिथे पाणी जाऊन बसतं. सागवान झालं तरी ते लाकूडच. बाहेरून टणक, आतून भुसा. इमारत जाते ती बहुतेक अशा टोकापासून. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबई बुडाली आणि 31 तारखेला सकाळी भेंडीबाजारात हुसैनी इमारत बसली, 33 माणसं गेली. पावसानेच ती पडली असं मी म्हणत नाही, शंभराच्या आसपास वय होतं तिचं. पण जुन्या भिंतीने किती पाणी प्यायलंय ते मोजायला कुणी जात नाही, एवढं नक्की.

दुरुस्तीवाल्यांनी काय केलं? चुन्यावर सिमेंटचा गिलावा थापला, वर ऑइलपेंट. दिसायला फस्कलास. पण सिमेंट चुन्यासारखं पाणी सोडत नाही. भिंतीतलं पाणी आतच कोंडतं. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं, क्षार घेऊन येतं, गिलाव्याच्या मागे त्याचे खडे होतात आणि लोणा लागतो. मग पोपडा सुटतो, आणि साहेब म्हणतो, तुम्ही खिळे ठोकले. चुन्यावर चुनाच लावायचा हे माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या गवंड्याला माहीत आहे, एस्टिमेट लिहिणाऱ्याला नाही. की त्यालाही माहीत आहे आणि सिमेंटच्या गोणीत त्याचा वाटा आहे? मला काय ठाऊक.

बीडीडीच्या चाळींचा आजार वेगळा. त्या 1920 च्या दशकातल्या, काँक्रीटच्या. तिथे ओल सळईला गाठते, आणि गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं. स्लॅब आतून फुटतो, पाळण्यात पडतो. वरळीच्या 556 कुटुंबांना 2025 च्या ऑगस्टात नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, चांगलं झालं. पण 2017 ला त्या कामाचा नारळ फुटला तेव्हा शिवडीच्या बीडीडी चाळी बाहेर राहिल्या, का तर जमीन बंदराची. जमीन राज्याची की केंद्राची, हे पाऊस विचारत नाही.

मालक म्हणतात, 1947 च्या कायद्याने भाडी गोठवली, आम्ही दुरुस्ती कशाने करू? तक्रार अगदीच खोटी नाही. पण भाडं गोठलं म्हणून खालच्या जमिनीचा भाव गोठला नाही, आणि भिंत जितकी लवकर सडेल तितकी जमीन लवकर मोकळी होते. ओल कुणाच्या फायद्याची आहे ते बघा.

राहायला लायक नाही, हे आपल्याला पहिल्यांदा ऐकवत नाहीयेत. 1896 ला मुंबईत प्लेग आला तेव्हा गोऱ्या सरकारला एकदम उजेड-वारा आठवला. अंधाऱ्या, ओलसर घरांच्या दारांवर तीन अक्षरं रंगवायचे, यू.एच.एच. म्हणजे माणसांना राहण्यास अयोग्य. मग 1898 ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या चाळी उठल्या. परळच्या तशाच चाळीत बाबासाहेब 1912 ते 1934 राहिले. पण ज्यांच्या दारावर अक्षरं रंगवली ते सगळे त्या चाळीत गेले का? बरेचजण दुसऱ्या ओलीत गेले. आता अक्षरं रंगवत नाहीत, 354 ची नोटीस चिकटवतात. घर अयोग्य ठरतं आणि शिक्षा राहणाऱ्याला होते.

दम्याच्या पोरांची गोष्ट मी वाढवून सांगणार नाही, तुमच्या माळ्यावरच झोपतात ती. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली ओल आणि बुरशीवर पुस्तकच काढलं, ओलसर घरात श्वासाचे विकार वाढतात म्हणून. कुणी 'हे तर नेहमीचंच' म्हणाला तर हे सांगा.

आता रविवारचं. सही करायची की नाही ते चाळकमिटी ठरवील. माझं मत, ते वाक्य खोडून त्याच्या बाजूला सही करायची आणि सोबत आपलं पत्र जोडायचं: गच्ची नि पन्हळीचं काम मार्चअखेर पुरं करा. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका. तुळयांची टोकं उघडून तपासा. आणि नुसती मागणी नको, जहाजावर असते तशी वही आपणही ठेवू. दर खोलीत ओल जिथवर चढली आहे तिथे रेघ मारायची, बाजूला तारीख. दर रविवारी नवी रेघ. किती दिवस सलग पाऊस, किती दिवस ऊन, त्याच पानावर. मेपासून ऑक्टोबरपर्यंत. मग ओल मोरीपासून सुरू होते की बाहेरच्या भिंतीपासून, आंघोळीने वाढते की वादळाने, हे भिंतीवरच लिहिलेलं असेल. कुणाला बघायचं असेल त्याने यावं.

ज्यांच्याकडे ऑइलपेंट आहे त्यांनी आधी एक हातभर पट्टा खरवडून घ्या, रंगावर रेघ खरी पडत नाही. पेन्सिली मी आणल्यात, सुताराच्या, जाड. खडू नको, ओलीत पुसला जातो.