निखळलेला खुबा आणि पहिले सहा तास

भरधाव मोटार समोरच्या वाहनावर आदळते, तेव्हा पुढच्या आसनावरील माणसाचे शरीर गाडी थांबली तरी थांबत नाही. वाकवलेला गुडघा डॅशबोर्डवर आपटतो, आणि तो आघात मांडीच्या हाडातून थेट खुब्यापर्यंत पोहोचून त्या हाडाचे गोल शीर्ष उखळीतून मागच्या बाजूस बाहेर फेकले जाते. पायावर पाय टाकून बसलेल्या माणसाचे शीर्ष पुष्कळदा तसेच अखंड निसटते. परंतु पाय सरळ समोर असेल, तर ते बाहेर पडताना उखळीच्या कठीण काठावर घासते, आणि कधी तो काठ तुटतो, तर कधी शीर्षाचाच एक तुकडा छिलून निघून उखळीत मागे राहतो. निखळलेला खुबा आणि त्याच वेळी भंगलेले शीर्ष, अशा या दुहेरी दुखापतीविषयी आज मला बोलावयाचे आहे.

खुबा हा शरीरातील अत्यंत भक्कम सांध्यांपैकी एक. त्याची उखळ खोल, भोवतीचे अस्थिबंध जाड, वर स्नायूंचे दणकट आवरण. तेव्हा असा सांधा निखळला, याचा अर्थच आघात असामान्य होता, आणि म्हणून त्याच माणसाच्या गुडघ्याला, पोटाला वा डोक्यालाही इजा झाली असेल असे गृहीत धरूनच त्याची तपासणी केली पाहिजे. शेकडा 85 ते 90 प्रसंगी शीर्ष मागेच सरकते, आणि तसे ते सरकले की रुग्णाचा पाय एका विशिष्ट अवस्थेत अडकून पडतो: खुब्यात किंचित वाकलेला, आखूड झालेला, आत वळलेला, गुडघा दुसऱ्या मांडीकडे झुकलेला. पाय सरळ करू गेल्यास रुग्ण किंचाळतो. वर जखम नसते, रक्त दिसत नाही. त्यामुळे बरोबरच्या मंडळींची समजूत होते की पाय नुसता मुरगळला असावा, आणि इस्पितळाऐवजी हाड बसवणाऱ्याच्या ओट्याकडे गाडी वळते. तेथे जो वेळ जातो, तो पुढे कोणत्याही शस्त्रक्रियेने भरून निघत नाही.

याचे कारण रक्तपुरवठ्यात आहे. मांडीच्या हाडाच्या शीर्षाला मिळणारे रक्त मुख्यत्वे एका धमनीतून येते, आणि ती हाडाच्या मानेच्या मागील अंगाने वर चढते. शीर्ष जागा सोडून गेले की या धमनीच्या शाखा ताणल्या जातात, पिळवटतात, काही तुटतातही. आणि हा ताण जितका लांबतो, तितके शीर्षातील हाड निर्जीव होण्याचे भय वाढते. म्हणूनच सांधा सहा तासांच्या आत जागेवर बसवावा, असा अस्थिशल्यशास्त्राचा दंडक आहे. निर्जीव झालेले हाड लगेच ढासळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी, माणूस पुन्हा चालूफिरू लागल्यानंतर, भाराखाली ते हळूहळू चेपू लागते. शिवाय खुब्याच्या मागूनच पायाची मोठी नस जाते. अशा दुखापतींत सुमारे शेकडा 10 जणांच्या नसेला इजा होते, व त्यांपैकी कित्येकांचे पाऊल घोट्यातून लोंबते. पावलाचा अंगठा वर उचलता येतो की नाही, हे सांधा बसवण्यापूर्वी व नंतरही तपासून नोंदवणे, हे मी डॉक्टरचे पहिले कर्तव्य मानतो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेने निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत. परंतु शीर्षभंगासह निखळलेल्या खुब्याचे पहिले वर्णन लंडनचे शल्यविशारद जॉन बर्केट यांनी 1869 मध्ये, एका मृत स्त्रीच्या शवविच्छेदनावरून केले. त्याच वर्षी बोस्टनच्या हेन्री जेकब बिगेलो यांचा खुब्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोपर्यंत दोर आणि कप्प्या लावून पाय सरळ रेषेत खेचण्याची निर्दय पद्धत रूढ होती. पुढच्या बाजूचा जाड अस्थिबंध सरळ पायात ताठ राहतो व पाय वाकवला की सैलावतो, हे बिगेलो यांनी दाखवून दिले, आणि बळाची जागा युक्तीने घेतली. आज रुग्णाला पूर्ण भूल देतात, सहायक दोन्ही हातांनी कटी खाली दाबून धरतो, डॉक्टर टेबलावर उभे राहून काटकोनात वाकवलेला गुडघा मांडीच्या रेषेत संथपणे वर ओढतात व हलकेच फिरवतात. आणि एका क्षणी शीर्ष उखळीत शिरल्याचा स्पष्ट धक्का हाताला जाणवतो. दोन-तीन प्रयत्नांत हे साधले नाही, तर आणखी झटापट न करता शस्त्रक्रियाच करावी.

मात्र या साऱ्याआधी क्ष-किरण चित्र हवेच. गॅरेट पिपकिन या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 1957 मध्ये या दुखापतीचे जे चार वर्ग पाडले, त्यांतील तिसऱ्यात शीर्षाबरोबर मानही मोडलेली असते. तेथे बाहेरून ओढाताण केली, तर उरलासुरला रक्तपुरवठाही नष्ट होतो. चित्र न पाहता पाय खेचणाऱ्याला या मोडीचा पत्ताच नसतो, आणि माझा त्याच्या उद्योगाला विरोध आहे तो याच कारणासाठी.

सांधा बसला म्हणजे काम संपले नाही. त्यानंतर सीटी स्कॅन करून तुकडा कोठे गेला, हे पाहावे लागते. तो शीर्षाच्या खालच्या, भार न पेलणाऱ्या भागाचा असून नेमका जुळला असेल, तर शस्त्रक्रियेवाचून भागते. जुळत नसेल आणि लहान असेल, तर काढून टाकतात. भार पेलणाऱ्या भागाचा तुकडा मात्र जागेवर बसवून, डोके कूर्चेखाली बुडेल अशा स्क्रूंनी पक्का करावाच लागतो. पिपकिन यांच्या चौथ्या वर्गात उखळीचा काठही दुरुस्त करावा लागतो. बर्नचे राइनहोल्ड गांझ यांनी 2001 मध्ये, मागची धमनी सांभाळून शीर्ष पूर्णपणे उघडे करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शल्यचिकित्सकाला सारा भंग डोळ्यांनी पाहता येऊ लागला, हा मी मोठाच लाभ समजतो. वृद्धांमध्ये कृत्रिम सांधा हाच पुष्कळदा शहाणपणाचा इलाज ठरतो. तरुणांमध्ये मात्र स्वतःचे हाड वाचवण्याची शिकस्त केली पाहिजे, कारण कृत्रिम सांध्याला आयुष्याची मर्यादा आहे, आणि जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून शेतात काम करणाऱ्या आपल्या माणसांना त्याची बंधने फार जाचतात.

श्रोतेहो, गाडीत बसताना सीटबेल्ट लावा, आणि पाय डॅशबोर्डवर ठेवू नका. रस्त्यात कोणाचा पाय असा आखडून आत वळलेला दिसला, तर तो ओढू नका, सरळ करू नका. आहे त्या स्थितीत उशी वा घडी केलेले कांबळे यांचा आधार द्या आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जखमीला मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे, नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. तेव्हा चौकशीच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका, आणि सांधा सहा तासांच्या आत बसवता येईल अशा बेताने त्या माणसाला भूल देण्याची सोय असलेल्या इस्पितळात पोहोचवा.