सरळ रेषेची मजुरी



यंत्रे घडविणारे यंत्र आधी स्वतः सरळ कसे होते, हे आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. विषय रुक्ष वाटेल; परंतु आम्हा कामगारांची भाकरी त्यात गुंतलेली आहे.

बेडवर दोन रेल असतात. पहिली सरळपट्टीशी ताडून घट्ट बसवावयाची. दुसरी डायल लावून तिच्याशी समांतर करावयाची. मग बॉलस्क्रू. तो रेलशी आडव्या अंगाने समांतर हवा, तसाच उभ्या अंगानेही. टेबलाचे ओझे रेलने वाहावयाचे. नटाने फक्त टेबल पुढेमागे ढकलावयाचे. स्क्रू तिरका बसला की बाजूचा रेटा नटातील मोजक्या गोळ्यांवर येतो. त्या तापतात, झिजतात, आणि यंत्राचे माप बिघडते.

येथे एक फसगत आहे. टेबल मध्यावर असताना लांब स्क्रू किंचित वाकतो आणि चूक पोटात घालतो. हाताने फिरविला तर हलका लागतो. टेबल बेअरिंगजवळ आणले की वाकावयास जागा उरत नाही, आणि तोच स्क्रू जड होतो. म्हणून दोन्ही टोके तपासावी लागतात. जेथे फट असेल तेथे पातळ शिम घालून पुन्हा कसावे लागते.

याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे मजुरी! जुळणीचे तास कापले की तपासणी मध्यावरच संपते. पुढे गिऱ्हाइकाकडे यंत्र कुरकुरू लागले की खुलासा मागतात तो फिटरकडे.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथे खऱ्या सपाटीवर निबंध वाचला. त्या पद्धतीचे मर्म असे: दोन प्लेटा एकमेकींशी जुळल्या म्हणजे त्या सपाट असतातच असे नाही, एक फुगीर व दुसरी खोलगट असू शकते. तिसरी प्लेट दोघींशी ताडली की खोटे उघडे पडते.

आमची मागणीही तिसऱ्या साक्षीदाराचीच आहे. दोन्ही टोकांची मापे कागदावर यावीत, फिटर व सुपरवायझर दोघांनी खाली सही करावी, आणि मापे घेण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा. डायलची सुई मालकाकडे झुकत नाही, तशी आमच्याकडेही झुकत नाही. तिचा निवाडा आम्हांला मान्य आहे. मालकांनीही तो मानावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.