स्वागताध्यक्षीय भाषण : अर्कचित्राला त्याच भिंतीवर जागा

कर्जत-खालापूरचा आमचा मुलूख घाटाच्या पायथ्याचा. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, १९१५ मध्ये खोपोलीत टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले आणि माथेरानात जन्मलेल्या भाई कोतवालांनी २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले. तरी आमचा खरा जीव खोपोलीच्या तळ्यात. नाना फडणवीसांनी बांधलेले ते तळे आणि काठचे महादेवाचे देऊळ पाहिल्याशिवाय इथला पाहुणा परतू नये.

चित्रकारांच्या या संमेलनाचा विषय व्यक्तिचित्राचा, त्यात तळे कुठून आले? तळे बांधणाऱ्याच्या चेहऱ्यातून आले. जेम्स वेल्सने १७९२ मध्ये सवाई माधवराव आणि नाना यांना एकाच चित्रात रंगवले. दागिन्यांनी मढलेला तरुण पेशवा आणि लांबट, कृश चेहऱ्याचे नाना शेजारी दिसले की कारभार कोणाच्या हाती, हे सांगावे लागत नाही. पुढे १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने याच नानांचे रंगमंचावर जणू अर्कचित्र काढले आणि वादळ उठले. माझ्या मते दोन्हीकडे काम एकच झाले. स्वभाव दाखवायचा तर काही ठळक करावे लागते, काही गाळावे लागते, फरक मात्रेचा. दीनानाथ दलालांच्या एकाच हातून देखणी मुखपृष्ठे उतरली आणि व्यंगचित्रेही, ती उगीच नव्हे.

मात्रा वाढली की माणसाची विटंबना होते, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. नुसते नाक लांबवल्याने स्वभाव दिसत नाही. पण मग सुरकुत्या पुसून, खांदे रुंद करून काढलेली भिंतीवरची तसबीर तरी खरी कशी? तीही अतिशयोक्तीच, फक्त खुशामतीची. म्हणून कसोटी एकच लावावी : ताणलेली रेघ त्या माणसाच्या स्वभावातून निघाली, की काढणाऱ्याच्या आकसातून?

आता क्षमायाचना. निवास शाळेच्या वर्गांत आहे, सतरंज्या कमी पडतील, विजेचा भरवसा नाही आणि जेवणाला दोन्ही दिवस पिठले-भाकरीच आहे. मांडववाल्यांनी भाडे घेतले नाही, दुकानदारांनी तांदूळ दिले, बचत गटाच्या भगिनींनी चूल सांभाळली, ठाकुरवाडीतल्या तरुणांनी पाणी वाहिले. ज्यांची नावे राहिली त्यांनी राग मानू नये. या सर्वांचे ऋण मान्य करून संमेलनाला एकच विनंती करतो : उद्याच्या प्रदर्शनात अर्कचित्रांना वेगळ्या कोपऱ्यात बसवू नका, तैलचित्रांच्या भिंतीवरच जागा द्या.